आधी जागा सांगा, मग परीक्षा

इंजिनिअरिंगसाठी देशपातळीवरची जेईई की राज्याची सीईटी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत अकरावी-बारावीचं गणित शिकवतो, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की लग्नात, बँकेत, मंडईत एकच प्रश्न ऐकायला मिळतो : "सर, पोराला जेईईला घालू की सीईटीच बास?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. पोरगं सोबत नसतं.

मी उलट विचारतो, दोन वर्षांनी प्रवेश कुठे मिळाला तर घरात पेढे वाटाल? पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, आपलं वालचंद अशी इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं आली तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. या कॉलेजांतल्या महाराष्ट्राच्या मुलांसाठीच्या जागा राज्याच्या सीईटीवर भरतात. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत जेईई मेनचा, म्हणजे जेईईच्या पहिल्या टप्प्याचा, उपयोग ऑल इंडियाच्या, म्हणजे देशभरातल्या मुलांसाठी खुल्या थोड्या जागांपुरता. आता दुसरी बाजू बघा. पवईची आयआयटी आपल्या राज्यात असली तरी तिथे राज्याचा कोटा नाही. देशातल्या 23 आयआयटींच्या अठरा हजारांच्या आसपास जागांसाठी सगळा देश एका यादीत उभा असतो. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांना मिळतात, पण आपल्या राज्यात एनआयटी एकच, नागपूरचं व्हीएनआयटी. क्लासच्या फ्लेक्सवर टॉपरचे फोटो असतात, हा हिशोब नसतो.

म्हणून आमच्याकडच्या बहुतेक घरांसाठी सीईटी हीच मुख्य परीक्षा आहे. तिला 'बॅकअप' म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. 2014 आणि 2015 या दोन वर्षी राज्याने इंजिनिअरिंगसाठी सीईटी न घेता जेईई मेनचे गुण धरले होते; 2016 पासून सीईटी परत आली. जेईईचा अभ्यास केला की सीईटी आपोआप होते, ही समजूत मात्र अजून घट्ट आहे. आपोआप काही होत नाही. दोन्ही पेपरांची चालच वेगळी आहे.

जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. सीईटीला त्याच तीन तासांत 150 प्रश्न. त्यातही पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. उरलेल्या 90 मिनिटांत गणिताचे पन्नास, प्रत्येकी दोन गुणांचे. एकूण 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. कागदोपत्री दोन्हींची काठिण्यपातळी सारखीच म्हणतात, पण जेईईच्या सवयीचं मूल सीईटीत एखाद्या इंटिग्रलपाशी अडून बसतं. सोडवतं झकास, पण तेवढ्यात पुढचे चार सोपे प्रश्न हातचे जातात. निगेटिव्हच्या भीतीने प्रश्न रिकामा सोडायची सवयही त्याला लागलेली असते, आणि इथे एकही प्रश्न रिकामा सोडायचं कारण नसतं. ही सवय मोडायला वेळ लागतो. मे महिन्यात दोन मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊन ती मोडत नाही.

खरी मेख अकरावीत आहे. सीईटीत अकरावीचं वजन साधारण 20 टक्के, तेही ठरलेल्या प्रकरणांपुरतं. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, संभाव्यता, लिमिट्स वगैरे येतं. कॉनिक सेक्शन आणि सिक्वेन्स-सिरीज त्या यादीत नाहीत. जेईईला ही दोन्ही हमखास लागतात, आणि तिथे अकरावीचं वजन जवळजवळ निम्मं असतं. बोर्डाच्या पुस्तकांचा क्रमही निराळा. रोटेशनल डायनॅमिक्स आपल्याकडे बारावीचं पहिलं प्रकरण, जेईई ज्यावर चालते त्या केंद्रीय अभ्यासक्रमात हा भाग अकरावीत. त्यामुळे 'आधी सीईटी करू, जमलं तर बारावीत जेईईकडे वळू' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण होत नाही. अकरावीची दिवाळी उलटेपर्यंत जेईईचा निर्णय झालेला असतो, तुम्ही घेतलात किंवा न घेतलात तरी. उलट बाजूने, जेईईवरून सीईटीवर येणं जमतं, फक्त वेग वेगळा कमवावा लागतो.

मग इंटिग्रेटेडचं, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र जोडलेल्या कोर्सचं काय? कॉलेजात नाव, हजेरी कागदावर, दिवसभर क्लास, प्रॅक्टिकलची जर्नलं शेवटच्या आठवड्यात कुणाची तरी बघून. मला हा प्रकार आवडत नाही, आणि मी त्याच धंद्यात आहे हे धरून सांगतो. बोर्डाकडे इतकं दुर्लक्ष परवडत नाही. जेईईत रँक आली तरी एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, एससी-एसटीसाठी 65 टक्के. जेईईचं पहिलं सेशन जानेवारीत, नेमकं प्रिलिम आणि प्रॅक्टिकलच्या तोंडावर. सेमीतून आलेल्या पोरांचे अकरावीचे पहिले महिने तर इंग्रजीतला प्रश्न समजून घेण्यातच जातात. जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते, पण शिकवणारा क्लास मराठीत मिळायला हवा ना.

जेईई कुणी करावी? दहावीचे टक्के मी बघत नाही. मुलाला एक अवघड गणित देतो आणि गप्प बसतो. वीस मिनिटांनी तो उत्तर मागतो, का "थांबा, सांगू नका" म्हणतो, ते पाहतो. दुसऱ्या प्रकारचं पोरगं असेल तर घाला जेईईला, मग ते कुठल्या का वाडीचं असेना. अ‍ॅडव्हान्सपर्यंत, म्हणजे आयआयटीसाठीच्या दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेपर्यंत, जायचं तर हा स्वभाव लागतोच. मेनमधून साधारण अडीच लाख मुलं अ‍ॅडव्हान्सला पात्र ठरतात, एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर देतात, आणि पेपरचा साचा दर वर्षी बदलू शकतो. घोकून ठेवलेलं तिथे फार चालत नाही.

पर्सेंटाइलबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण 99 म्हटलं की घरात नारळ फुटतो. दहा लाख मुलं बसली असतील तर 99 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे दहा हजार मुलं. सीईटीत ते फार चांगलं आहे. जेईईत खुल्या प्रवर्गाला त्यावर मोठ्या एनआयटीचं कॉम्प्युटर सायन्स मिळत नाही.

ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायचा, प्रश्न जून-जुलैत येतो. अ‍ॅडव्हान्स लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, त्यामुळे तिथे मुदत आखलेली आहे. सीईटीसाठी वर्ष घालवायचं म्हणणाऱ्यांना मी आधी कॅपच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेशप्रक्रियेच्या, सगळ्या फेऱ्या संपू द्या म्हणतो. पहिल्या फेरीत न दिसलेलं कॉलेज पुढच्या फेरीत मिळालेलं मी अनेकदा पाहिलंय. तोवर पसंतीक्रमाचा फॉर्म नीट भरा. त्यात दोन-चारच नावं घालून मोकळे होणारे वडील दर वर्षी भेटतात.