जर्मन क्रियाविशेषणांची जागा मराठीतून शोधावी

रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांच्यामुळे पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना वाण नाही. तरीही क्रियाविशेषण वाक्यात कोठे ठेवायचे हा प्रश्न आला, की घरी मराठी बोलणारा विद्यार्थीसुद्धा वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवतो आणि मग ते जर्मनमध्ये आणतो. हा वळसा घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते. कारण या बाबतीत जर्मन ही इंग्रजीपेक्षा मराठीच्या कितीतरी जवळ आहे.

‘मी काल पावसामुळे बसने ऑफिसला गेलो’ हे वाक्य घ्या. जर्मनमध्ये ते ‘इश बिन गेस्टर्न वेगन डेस रेगन्स मिट डेम बुस इन्स ब्युरो गेफारन’ असे होते. सहायक क्रियापद ‘बिन’ दुसऱ्या जागी आले आहे, एवढे सोडले तर काल, पावसामुळे, बसने, ऑफिसला, गेलो हा सारा क्रम तसाच्या तसा उतरतो. काळ, कारण, रीत, स्थळ या क्रमासाठी वर्गात ‘टेकामोलो’ हे सूत्र पाठ करून घेतात. मराठी माणसाच्या जिभेवर तो क्रम आधीच असतो. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी मात्र ‘गेस्टर्न’ अगदी शेवटी नेऊन ठेवतो. ‘वाइल’ म्हणजे कारण की; त्याने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात तर सहायक क्रियापदही शेवटी जाते आणि ‘गेफारन वार’ हे आपल्या ‘गेलो होतो’सारखेच उभे राहते.

टेकामोलो हा अर्थात कायदा नव्हे. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते आधी आणि जे नवे आहे ते नंतर, हा त्यामागचा खरा कल आहे. ‘मी काल एक पुस्तक वाचले’ आणि ‘मी ते पुस्तक काल वाचले’ यांत आपण ‘काल’ची जागा न शिकवता बदलतो, जर्मन माणूसही ‘इश हाबे गेस्टर्न आइन बूख गेलेझन’ आणि ‘इश हाबे डास बूख गेस्टर्न गेलेझन’ असाच बदल करतो. पुस्तकाऐवजी ‘एस’ हे सर्वनाम आले, तर ते ‘गेस्टर्न’च्या आधीच यावे लागते.

मराठी जेथे साथ सोडते, तेथे सावध राहावे. ‘उद्या मी मुंबईला जातो’ असे म्हटले तरी आपला कर्ता क्रियापदाच्या आधीच राहतो. जर्मनमध्ये ‘मॉर्गन’ने पहिली जागा घेतली, की दुसरी जागा क्रियापदाची आणि कर्ता त्यानंतर: ‘मॉर्गन फारे इश नाख मुंबई’. ‘डेसहाल्ब’ म्हणजे म्हणून आणि ‘ट्रोत्सडेम’ म्हणजे तरीही. ही दोन्ही क्रियाविशेषणेच असल्यामुळे त्यांच्यानंतरही हेच घडते. ‘आबर’ (पण) आणि ‘डेन’ (कारण) ही उभयान्वयी अव्यये वाक्याच्या आरंभी आली, तर जागा मोजताना ती धरली जात नाहीत.

आपल्याकडे ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे रूप कर्त्याप्रमाणे बदलते. जर्मनमध्ये नामाआधी येणाऱ्या विशेषणाला प्रत्यय लागतो, पण क्रियापदाबद्दल सांगणारे ‘गूट’ बदलत नाही: ‘एर झिंग्ट गूट, झी झिंग्ट गूट’.

नकाराला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. ‘मी आज मुंबईला जाणार नाही’ यातला ‘नाही’ शेवटी आहे. ‘इश फारे हॉइटे निश्ट नाख मुंबई’ यात ‘निश्ट’ स्थळाच्या आधी येतो. ‘इश लेझे डास बूख निश्ट’ यात तो निश्चित कर्माच्या नंतर, म्हणजे शेवटी जातो. आणि नकार केवळ ‘आज’ला असेल, तर आपण ‘मी आज नाही, उद्या जाणार आहे’ असे म्हणतो. जर्मन माणूस ‘इश फारे निश्ट हॉइटे, झोंडर्न मॉर्गन’ असे म्हणतो. आपला ‘नाही’ नाकारलेल्या शब्दाच्या नंतर येतो, त्यांचा ‘निश्ट’ आधी.