डाव्या कडेचा दीड मीटर

सांगलीत राहून कामासाठी मिरजेला सायकलने जातो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो : गाडी बिघडली आहे का, आणि दम लागत नाही का. पहिल्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष करतो. दुसऱ्याचे उत्तर इथल्या भूगोलातच आहे. सांगली आणि मिरज ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, कृष्णेच्या काळ्या, सपाट पट्ट्यात वसलेली आहेत आणि त्यांच्यामधल्या नऊ-दहा किलोमीटरांत चढ म्हणावा असा जवळजवळ नाहीच. आमच्या सातारकर मित्रांना पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघाले की पायांत गोळे येतात. आमच्याकडे तेवढ्याच श्रमात विश्रामबाग गाठून होते.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली आणि कागदावर आपण मोठ्या शहराचे रहिवासी झालो. हे शहर क्षेत्राने मोठे असले तरी त्याचे एक टोक दुसऱ्या टोकापासून सायकलीच्या तासाभराच्या टप्प्याबाहेर नाही. ताशी पंधरा किलोमीटर हा काही शर्यतीचा वेग नव्हे. डबा कॅरिअरला लावून, गप्पा मारत चालणारा माणूसही तो राखतो. त्या वेगाने एसटी स्टँडजवळून निघून राममंदिर चौक, पुष्पराज चौक, विश्रामबाग, वानलेसवाडी असे करत मिरजेत पोहोचायला पाऊण तास पुरतो. मोटारसायकलवाला गर्दीच्या वेळी हेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत कापतो. फरक एवढाच आहे, आणि तो मान्य करूनच मी पुढचे लिहितो आहे.

हवामान किंवा अंतर ही इथल्या सायकलस्वाराची खरी अडचण नसून रस्त्याची डावी कड ही आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. डांबराच्या टोकापासून आत सुमारे दीड मीटर रुंदीचा जो पट्टा असतो, तो रूढीने सायकलीचा मानला जातो; प्रत्यक्षात त्या पट्ट्यावर सायकल सोडून बाकी सगळे असते. वाळूच्या डंपरमधून सांडलेली बारीक वाळू वाहनांच्या चाकांनी उडून कडेलाच साठते आणि वळताना चाक तिच्यावरून सरकते. गटारांच्या चेंबरची झाकणे डांबराच्या पातळीपेक्षा चार बोटे वर तरी असतात किंवा चार बोटे खाली तरी. पुन्हा डांबरीकरण झाले की रस्ता मधोमध उंचावतो आणि कडेला एक पायरी तयार होते. तिच्यावरून चाक खाली घसरले तर ते तिरके वर घेता येत नाही, थांबून उचलावेच लागते. पावसाळ्यात त्या पायरीखाली काळी माती असते. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती अशी गच्च बसते की चाक फिरायचेच थांबते आणि भर रस्त्यात काडी शोधत बसण्याची वेळ येते.

त्यातच वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणारी खासगी वाहने. रिक्षा असो की जीप, हात दिसला की ती जिथे असेल तिथून थेट डावीकडे येते, आणि तिच्या मागच्या बाजूने उतरणारा माणूस पाठीमागे पाहत नाही. सिटी बस निदान थांब्यावर थांबते, त्यामुळे तिचा अंदाज बांधता येतो. वडापचा अंदाज वाहनावरून बांधताच येत नाही. तो पुढे रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईमाणसावरून बांधावा लागतो. समोर कोणी हात वर केलेला दिसला की मी मागे वळून पाहतो आणि वेग कमी करतो, कारण त्या हाताकडे माझ्यामागून येणाऱ्या रिक्षावाल्याचेही लक्ष गेलेलेच असते.

नवख्या सायकलस्वाराला वाटते की जितके कडेला चिकटून चालावे तितके सुरक्षित. हे उलटे आहे. अगदी कडेला चालणाऱ्या सायकलीला मागचा चालक रस्त्यात धरतच नाही आणि हँडलला घासून निघून जातो. शिवाय खड्डा आला की तिला उजवीकडेच अचानक यावे लागते. त्याऐवजी कडेपासून हातभर आत, पण सरळ रेषेत चालले की मागच्याला ती सायकल दिसते, ओलांडण्यासाठी तो थोडा बाहेर जातो आणि आपल्या डावीकडे चुकवाचुकवीला जागा राहते. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना तर दार उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर सोडणे अपरिहार्य आहे. अशा वेळी मागून हॉर्न वाजतोच. पहिल्या महिन्यात त्या हॉर्नने जीव अर्धा व्हायचा. पुढे कळले की हॉर्न वाजवणाऱ्याने आपल्याला पाहिले आहे, तेव्हा त्याची भीती धरण्याचे कारण नाही. भीती धरायची ती न वाजवणाऱ्याची.

सांगलीवाडीकडे जाणाऱ्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर हा सगळा हिशेब बदलतो. १९२९ साली, मोटारी विरळ असताना बांधलेला हा पूल अरुंद आहे आणि त्यावर कड म्हणून काही सोडलेलीच नाही. तिथे मी आपल्या बाजूच्या मध्यातून चालतो, म्हणजे मागच्याला ओलांडण्याचा मोह होत नाही. पुराच्या दिवसांत याच पुलाजवळचे पाणी सगळे शहर फुटांत मोजते, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, पण त्या दिवसांत सायकलीचा प्रश्नच निकालात निघालेला असतो.

मिरज ही सांगलीच्या पूर्वेला आहे, आणि या साध्या गोष्टीने रोजच्या प्रवासाची चांगलीच गैरसोय होते. सकाळी जाताना सूर्य तोंडावर येतो आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तोंडावरच. टोपीच्या झापडीने स्वतःच्या डोळ्यांची सोय होते, परंतु मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या काचेवरही तोच सूर्य असतो आणि त्याला आपण केवळ काळी सावली म्हणून दिसतो. हिवाळ्यात सूर्य तिरका, खाली असताना सकाळची पहिली वीस मिनिटे मी मुख्य रस्ता टाळून आतल्या कॉलन्यांमधून काढतो. भडक रंगाचा शर्ट या वेळी फारसा उपयोगी पडत नाही, कारण प्रकाशाकडे पाहणाऱ्याला रंग कळत नाहीत. लुकलुकणारा मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवला तर उपयोग होतो.

वाऱ्याचेही तसेच. जूनपासून ऑगस्टपर्यंत वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा मिरजेला जाताना पाठीवर आणि परतताना छातीवर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी पंधराने चालणाऱ्या सायकलीसमोर ताशी पंधराचाच वारा आला तर तो अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. संध्याकाळी दमून परतणाऱ्याने अशा दिवशी घड्याळाशी भांडू नये. गिअर असतील तर खालचा टाकावा, नसतील तर मान खाली घालून पाऊण तासाचा एक तास होऊ द्यावा.

सर्वांत जास्त सावधगिरी मात्र उसाच्या हंगामात लागते. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने असतात, मोठ्याने गाणी लावलेले, आणि उसाची मोळी दोन्ही बाजूंनी ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली. ट्रॅक्टरचे तोंड आपल्याला सुखरूप ओलांडून गेले म्हणजे सुटलो असे समजू नये. ट्रॅक्टर पुढे गेल्यावर पुन्हा डावीकडे येऊ लागतो तेव्हा मागची ट्रॉली त्याच्यापेक्षाही आतून वळते आणि सायकलची जागा खाऊन टाकते. ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात मागचे काही ऐकू येत नाही आणि ट्रॉल्यांच्या मागचे काही दिसतही नाही. म्हणून पहिला ट्रॅक्टर मागे आला की मी वेग सोडून देतो आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत पाय टेकवून उभा राहतो. रस्त्यावर पडलेले ऊस चाकाखाली दळले गेले की त्यांचा चोथा शेवाळासारखा निसरडा होतो. त्यावर ब्रेक दाबू नये, हँडल सरळ ठेवून चाक तसेच जाऊ द्यावे. रात्री तर कित्येक ट्रॉल्यांना मागे साधी लाल परावर्तक पट्टीही नसते. हंगाम सुरू होताना ती लावण्याची मोहीम निघते, फोटो निघतात आणि जानेवारीपर्यंत पट्ट्या चिखलाने माखून जातात.

सायकलीच्या देखभालीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. शेताच्या कडेने गेलेल्या रस्त्यांवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, तेव्हा पंक्चर हा अपघात नसून नेहमीचा खर्च आहे. पेट्रोलपंपावरची हवेची नळी जुन्या पद्धतीच्या सायकलच्या वॉल्व्हला बसत नाही, त्यामुळे स्वतःचा पंप जवळ हवा. मी ज्यांच्याकडे वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घेतो, ते वयस्कर मिस्त्री चाक उलटे टांगून एका हाताने फिरवतात आणि दुसऱ्या हातातला खडू रिंगजवळ स्थिर धरतात. रिंग जिथे बाहेर आली असेल तिथेच पांढरी रेघ उमटते आणि मग ते त्या भागातल्या तारा पाव-पाव आटा कसतात. याला चाकाचा आऊट काढणे म्हणतात. परवा रेघ जरा लांब उमटली तेव्हा म्हणाले, "सर, तुमच्या चाकात काय खोट नाही, तुमच्या रस्त्यात हाय." मी म्हणालो, "मामा, मग रस्त्याचा आऊट कुठं काढून मिळतो ते सांगा." ते हसले आणि पुढच्या तारेला लागले.

रस्त्याचा आऊट काढायला पैसे लागतात हे खरे, पण सगळ्याच गोष्टींना नाही. वेगळ्या सायकल मार्गाची मागणी मी आता करत नाही. अरुंद रस्त्यावर रंगाने आखलेला मार्ग आठवड्यात पार्किंग होतो. माझ्या मते त्याआधी वेग खाली आला पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या रस्तेसुरक्षेच्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेने, चालणारे आणि सायकलस्वार जिथे मोटारींमध्ये मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी असे जाहीरनाम्यात नमूद केले. त्यामागे सरळ गणित आहे. वेग तीसचा साठ झाला तर धडकेतील ऊर्जा चौपट होते. सांगलीतल्या हरभट रोडवर किंवा मारुती चौकात गर्दीमुळे आपोआपच तीसच्या आत वेग असतो आणि म्हणूनच तिथे सायकल चालवायला मला मिरज रस्त्यापेक्षा कमी भीती वाटते.

बाकी दुरुस्त्या बारीक आहेत आणि त्या करणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही. डांबरीकरणाच्या वेळीच चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलावीत, कडेची पायरी मुरूम टाकून भरावी, गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने न बसवता आडव्या बसवाव्यात, कारण उभ्या पट्ट्यांच्या फटीत सायकलचे बारीक चाक अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी अशीच एक उभी जाळी आहे. ती काढून आडवी बसवायला गवंड्याला अर्धा दिवस लागेल. त्यासाठी अर्ज दिला आहे.