काळा काटा थबकलाच नाही

आमच्या लॅबमधल्या यूटीएमच्या, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या तबकडीवर दोन काटे आहेत. एक काळा, एक लाल. सळई ताणायला घेतली की काळा काटा लाल काट्याला ढकलत पुढे नेतो. सळई तुटली की काळा झटक्यात शून्यावर येतो आणि लाल तिथेच राहतो, सर्वात जास्त भार किती झाला ते दाखवत. हल्लीच्या मशीनवर आलेख थेट स्क्रीनवर येतो. आमचं मशीन जुनं आहे, पण एकोणीस वर्षांत त्या काळ्या काट्याची मला इतकी सवय झालीय की त्याच्या चालीवरून सळईच्या आत काय चाललंय ते कळतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. कोल्हापूरकडचे एक ठेकेदार पाच सुती सळईचे, म्हणजे १६ मिलिमीटरचे, तीन तुकडे घेऊन आले. सोबत नुकताच डिप्लोमा झालेला साइट इंजिनिअर होता. सॅम्पल आणायचा हट्ट त्याचाच, हे ठेकेदारांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. जेसीबी आत न्यायला वाट हवी म्हणून चार कॉलमच्या वर आलेल्या सळया वाकवल्या होत्या. कॉलमला आठ, अशा एकूण बत्तीस. काम झाल्यावर त्या परत सरळ केल्या. काही पाइप घालून, दोन माणसांनी जोर लावून. हात दुखायला लागल्यावर उरलेल्या गॅसच्या ज्वाळेवर लाल करून.

"सरळ झाल्यात की मॅडम, बघा," ठेकेदार म्हणाले. "लोखंडच आहे ते. लाकूड आहे व्हय मोडायला?"

तीन तुकड्यांपैकी एक गोडाऊनमधल्या कोऱ्या सळईचा, दुसरा पाइपने सरळ केलेल्या सळईचा, तिसरा तापवलेल्या सळईचा. तिन्ही ५००डी ग्रेडच्या, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन सोसायलाच हवेत अशा सळयांच्या, एकाच बंडलातले. वजन केलं, मीटरला १.५८ किलोच्या आसपास भरलं, म्हणजे वजनात खोट नव्हती. मी सेंटर पंचने ८० मिलिमीटरच्या खुणा मारल्या. आमच्या मामांनी (लॅब अटेंडंट, माझ्याही आधीपासून इथे) कोरा तुकडा मशीनच्या जबड्यात धरला आणि समोर संरक्षक जाळी ओढली.

भार वाढत गेला तसा काटा एकसारखा चढत गेला. या टप्प्यात सळई लांबते, पण किती? पोलादाचा यंग मापांक, म्हणजे ताणाला ते किती ताठ राहतं त्याचं माप, दर चौरस मिलिमीटरला सुमारे २ लाख न्यूटन. म्हणजे ५०० चं प्रतिबल (दर चौरस मिलिमीटरवरचं बल) आलं तरी ८० मिलिमीटरच्या लांबीत वाढ होते ०.२ मिलिमीटर. डोळ्याला काही दिसत नाही. भार काढला तर तेवढीही वाढ परत जाते. जेवढा ताण तेवढी वाढ, हा रॉबर्ट हूकचा नियम. भल्या माणसाने १६७६ साली तो अक्षरं विस्कटून छापला, कुणी चोरू नये म्हणून, आणि उकल १६७८ मध्ये सांगितली.

११० किलोन्यूटनवर काळा काटा थबकला. मशीन ताणतंय, सळई लांबतेय, पण काटा जागेवर. हा क्षण मी दर वेळी श्वास रोखून बघते. सळई शरण आली म्हणायची. इथून पुढे जी लांबी वाढते ती भार काढला तरी परत जात नाही. थोड्या वेळाने काटा पुन्हा हलला, हळूहळू १२९ वर गेला, मग सळईला मधे कंबर पडली, म्हणजे ती तिथे बारीक झाली, आणि खाडकन आवाज आला. ठेकेदार दचकून मागे सरले. दोन्ही तुकडे जुळवून मोजले तर ८० चे ९६ झाले होते. २० टक्के. ५००डी ला किमान १६ लागतात. पास.

तेवढ्यात साइट इंजिनिअरने मशीनच्या तेलाच्या पंपाजवळचा प्रेशर गेज पाहिला होता. तो तेलाचा दाब एमपीएमध्ये, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ते, दाखवतो. "मॅडम, अकरा टन ओढलं तेव्हा इथे फक्त साडेतीन एमपीए होतं. आणि सळईला ५०० च्या वर?"

पोरगं हुशार. मला असले प्रश्न आवडतात, नाहीतर लोक रिपोर्टवरचा शिक्का बघतात नि जातात. त्याला वहीच्या मागच्या पानावर दाखवलं. तेल ज्याला ढकलतं त्या आमच्या पिस्टनचा व्यास २०० मिलिमीटर, क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. सळईचं क्षेत्रफळ जेमतेम २. बल तेच, जागा दीडशे पटींहून कमी, म्हणून तेलातला साडेतीनचा दाब सळईत जाऊन साडेपाचशेच्या आसपास होतो. साडेतीन एमपीए म्हणजे तरी काय, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पंधरा-सोळा पट.

"मग प्रतिबल आणि दाब एकच झालं ना? एकक तर एकच आहे."

इथेच सगळे अडकतात. मी सांगितलं, स्थिर तेलाला दिशा नसते. सिलिंडरला कुठेही भोक पाड, तेल तितक्याच जोराने आणि भिंतीला काटकोनातच उडणार. सळईत दिशा आहे. आडवा छेद घेतलास तर तिथे पूर्ण ताण, उभा घेतलास तर शून्य, आणि तिरका, ४५ अंशांचा घेतलास तर तिथे थर एकमेकांवरून घसरायला बघतात. पोलाद शरण येतं ते या घसरण्यामुळे. हीच सळई खोल समुद्राच्या तळाशी टाकली, अकरा किलोमीटरवर, तर तिच्यावर चोहीकडून दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११० न्यूटनचा दाब येईल. ती हजारात एक भागही आकसणार नाही आणि आकार तसाच राहील. सगळीकडून सारखं दाबलं तर घसरायला तिरकी बाजूच उरत नाही.

"तेलावरून झालं असेल तर आमची पुढची सळई घ्या," ठेकेदार म्हणाले.

पाइपने सरळ केलेली सळई. काटा चढला. ९० गेले, १०० गेले, ११० गेले. मी थांबण्याची वाट बघतेय आणि काटा थबकेचना. चाल नुसती मंदावत गेली. मामांनी माझ्याकडे बघितलं. थंड लोखंड एकदा वाकवून उलट वाकवलं की आतली अणूंची जाळी आधीच घसरून बसलेली असते, ठळक शरणबिंदू उरत नाही. ११९ किलोन्यूटनला तुटली. आवाज मघापेक्षा कोरडा, कंबर जवळजवळ नाही. जिथे वाकवली होती तिथेच, एका रिबच्या (सळईवरच्या उंचवट्याच्या) मुळाशी तुटली, आणि तुटलेल्या तोंडावर एका बाजूला गंजाची बारीक लाल रेघ होती. म्हणजे तडा आधीचाच. ८० चे ८६, साडेसात टक्के.

"ताकद तर भरली की! ११९ म्हणजे चांगलंच आहे," ठेकेदार म्हणाले.

मी खिडकीतला बाइंडिंग वायरचा तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. सात-आठ वेळा एकाच जागी पुढेमागे वाकवायला लावला. वाकवताना तार कडक होत गेली, मग टचकन तुटली. त्यांनी तुटलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. "गरम झाली की," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या सळईबद्दल ते निर्धास्त होते. तापवून सरळ केली म्हणजे तडा नाही, ताण नाही. खरंच तसं होतं. काटा अगदी पुस्तकातल्यासारखा थबकला, फक्त थबकला तो ७४ ला. १०६ ला तुटली, सुरेख बारीक कंबर पडून, ८० चे १०२ होऊन.

"बघा, सगळ्यात जास्त हीच ताणली!"

"काका, ७४ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३६८ न्यूटन. तुमच्या डिझायनरने ५०० धरलेत."

ते गप्प झाले, पण पटलेलं नव्हतं. मग मी रिपोर्टसाठी लागत नाही ते काम केलं. कोऱ्या आणि तापवलेल्या सळईच्या दोन चकत्या कापायला लावल्या, पॉलिश पेपरवर घासल्या आणि नायटलचे थेंब टाकले. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड. अर्ध्या मिनिटात कोऱ्या चकतीवर कडेने काळपट कडं उमटलं, नाण्याला असतं तसं, आणि आत फिकट गाभा. कारखान्यात लालबुंद सळईवर पाण्याचे फवारे मारून हे कडं बनवतात. बाहेरचा थर कडक होतो, मग आतल्याच उष्णतेने परत तापून थोडा नरम पडतो. टीएमटीची, म्हणजे अशा तऱ्हेने बनवलेल्या सळईची, ताकद बऱ्याच अंशी त्या दीड-दोन मिलिमीटरच्या कड्यात असते.

दुसऱ्या चकतीवर कडं उमटलंच नाही. सगळी चकती एकाच करड्या रंगाची.

ठेकेदार दोन्ही चकत्या ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ बघत होते. "गॅसने पुसून टाकलं हो," ते इंजिनिअरला म्हणाले. मग हळूच मला, "रिपोर्टात पहिलीच लिहिली तर?"

"तीन आणल्यात, तीन लिहिणार."

त्यांनी तिथूनच फिटरला फोन लावला. किती सळया तापवल्या? सात-आठ असतील. कुठल्या? ते नाही सांगता येणार, चार दिवस झाले, वळीव पडून गेला, सगळ्या सारख्याच लाल दिसतायत. ठेकेदारांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे पुढचा शब्दही आम्हाला ऐकू आला, तो इथे लिहीत नाही. इंजिनिअर बोटांवर काहीतरी मोजत होता. शेवटी तोच म्हणाला, "कुठली पाइपवाली आणि कुठली गॅसवाली ते कळलं तरी काय फरक पडतो, मॅडम? बत्तीसही जाणार ना?"

ते डिझायनरने ठरवायचं, मी म्हटलं. पण मी त्या घरात राहणार असते तर बत्तीस.

जाताना ठेकेदारांनी चकत्या मागितल्या. मी दिल्या. रुमालात गुंडाळून शर्टच्या खिशात ठेवल्या त्यांनी, गॅसवाल्याला दाखवायला. मामांनी जबड्यांतली खपली ब्रशने झाडली आणि लाल काटा बोटाने मागे शून्यावर आणून ठेवला.