लाल खडक, तिकीट नाही: कोलोरॅडोचं गार्डन ऑफ द गॉड्स

डेन्व्हरहून दक्षिणेला साधारण सव्वा तास गाडी चालवली की कोलोरॅडो स्प्रिंग्ज येतं. शहराच्या पश्चिम कडेला लाल वालुकाश्माचे सुळके उभे आहेत. एकेकाळी हे थर आडवे होते. रॉकी पर्वत वर उचलला गेला तेव्हा तेही उभे झाले. गेटवर कुणी अडवत नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना काही हे पटेना. "नीट विचारून घ्या हो, बाहेर पडताना मागतील."

नाही मागत, आणि का मागत नाहीत ते आतल्या एका खडकावर बसवलेल्या पाटीवर लिहिलंय. चार्ल्स इलियट पर्किन्स हा बर्लिंग्टन रेल्वेचा बडा अधिकारी. हे शहर वसवणारा जनरल विल्यम पामर त्याचा मित्र. त्याच्या आग्रहावरून पर्किन्सने 1879 मध्ये इथे 240 एकर जमीन घेतली, पुढे ती 480 एकर झाली. घर बांधायचा बेत होता, पण ते बांधलंच नाही. जागा लोकांना हिंडायला मोकळी ठेवली. 1907 मध्ये तो गेला तेव्हा कागदोपत्री काहीच झालेलं नव्हतं. वडिलांची इच्छा मुलांना ठाऊक होती, त्यांनी 1909 च्या नाताळात जमीन शहराला दिली. देताना अटी घातल्या: प्रवेश कायम मोफत, दारू गाळायची नाही की विकायची नाही, आणि उद्यानाच्या देखभालीला लागेल तेवढंच बांधकाम. (1859 मध्ये इथे आलेल्या दोघांपैकी एकाला ही जागा बिअर गार्डनसाठी झकास वाटली होती, असं सांगतात. त्याचं काही जमलं नाही म्हणायचं.)

मला विचाराल तर बांधकामाची अट सगळ्यांत मोलाची. ती नसती तर सुळक्यांच्या पायथ्याशी आज हॉटेलं असती. दक्षिण टोकाचा बॅलन्स्ड रॉक बघा. एवढ्याशा बुडावर टेकलेला हा प्रचंड धोंडा पर्किन्सच्या जमिनीत नव्हता. गर्की कुटुंबाकडे तो होता आणि तिथे पर्यटकांचे फोटो काढून द्यायचा त्यांचा धंदा होता. पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला, धंदा बसला, तशी त्यांनी कुंपण घालून बघायचेच पैसे लावले! 1932 मध्ये शहराने ती जागा विकत घेतली तेव्हा कुठे तो धोंडा सगळ्यांचा झाला. 1971 मध्ये गार्डनला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, पण खरं काम त्या जुन्या अटींनीच केलं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात, त्यातून शनिवार-रविवारी, सकाळी आठच्या आत पोचा. मुख्य पार्किंग भरलं की गाडी गोल गोल फिरवत बसावं लागतं. आतला मोठा रस्ता एकेरी आहे, जागा चुकली की पूर्ण वळसा. ज्येष्ठांना सोबत नेत असाल तर पर्किन्स सेंट्रल गार्डनची वाट धरा. पक्की आणि बरीचशी सपाट आहे, व्हीलचेअर जाते. सासूबाई अख्खी फिरल्या, वाटेत दोनदा टेकल्या एवढंच. जागा साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे, पहिल्याच दिवशी दम लागतो. पाणी भरपूर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेव्हा फिरणं दुपारच्या आत उरका.

पोरांना खडकांवर चढू देऊ नका. नोंदणी आणि साहित्य असेल तरच चढता येतं, नाहीतर दंड होतो. पावसानंतर तर नोंदणीवाल्यांनाही मनाई. खडकावरून नुसता हात फिरवला तरी बोटांना तांबडी रेती लागते, मग ओला दगड किती भरवशाचा ते तुम्हीच ठरवा. ड्रोनही चालत नाही.

फोटोसाठी गर्दी बॅलन्स्ड रॉकपाशी असते, मला सियामीज ट्विन्सची छोटी वाट जास्त आवडली. दोन जोडखडकांमधल्या भोकातून पाइक्स पीक हे उंच शिखर बरोबर चौकटीत येतं. नकाशा हवा असेल तर रस्त्यापलीकडच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतो, तिथली स्वच्छतागृहंही चांगली आहेत.

जेवायला जवळच्या मॅनिटू स्प्रिंग्जला जा. तिथे पार्किंगचे पैसे पडतात. गावात खनिज पाण्याचे झरे आहेत आणि चव घ्यायला काही लागत नाही. पेला मात्र आपला न्या.