चावी हातात घेण्याआधी

"जन्म बँकेत काढलास आणि आता लोकांची कुत्री फिरवणार?" हा आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न. दुसरा माझ्या बहिणीचा, आणि तो जास्त खोचक: "पैसे घेणार आहेस का?" ह्यांना हसून गप्प केलं. बहिणीला मात्र लगेच उत्तर देता आलं नाही.

मुलुंडला आमचं वन बीएचके. मुलगा-सून दोघंही घरून काम करतात, त्यामुळे दिवसभर घराचं ऑफिस होतं आणि कुकरची शिट्टीसुद्धा मीटिंग बघून काढावी लागते. प्राण्यांची आवड मला पहिल्यापासून, पण एवढ्या जागेत कुत्रा आणायचा कुठे? निवृत्तीनंतर कळलं की परदेशात ही रीतच आहे. मालक प्रवासाला जातात आणि दुसरं कोणी त्यांच्या घरात राहून घर आणि प्राणी दोन्ही सांभाळतं. ट्रस्टेडहाउससिटर्स नावाची ब्रिटिश साइट २०१० पासून अशी माणसं जुळवून देते. तिथे सांभाळणाऱ्याला मेहनताना नसतो, फक्त राहणं फुकट, आणि साइटची वार्षिक वर्गणी दोघांनीही भरायची. परदेशाचा विचार मी लगेच सोडला. पर्यटक व्हिसावर असं राहणं काही देशांत काम समजलं जातं, आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर वाद घालायची मला हौस नाही. म्हटलं, मुंबईतच बघू. मे महिना, दिवाळी, नाताळ आला की इथेही लोक कुत्र्याला कुठे ठेवायचं म्हणून हैराण असतात. मांजरवाले तर जास्तच, कारण मांजर परक्या जागी रुळत नाही, ते आपल्या घरातच बरं.

सुरुवात ठाण्याच्या भाचीपासून केली. तिचा शेरू, देशी कुत्रा. ओळखीचं घर आधी घ्यावं हे खरं, पण ओळखीत एक अडचण असते, कोणी नीट काही सांगत नाही. "अगं मावशी, तो काही त्रास देत नाही," यापलीकडे माहितीच मिळेना. म्हणून मी एक वही घातली आणि तिला समोर बसवून विचारलं. जेवण किती वाजता आणि किती? फटाक्यांना घाबरतो का? पट्टा ओढतो का? दुसरा कुत्रा दिसला तर काय करतो? औषध कशात घालून देता? लसीचं पुस्तक कुठे आहे? डॉक्टर कोण, आणि रात्री ते फोन उचलतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: तुझा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा उपचार मी तुला न विचारता करू? तो आकडा आणि परवानगी मी मालकाच्या सहीनिशी लिहून घेते. भाची आधी हसली, मग तिने मुकाट्याने सही केली.

अनोळखी लोकांकडे जायचं ठरलं तेव्हा कागदपत्रं जमवली. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र घेतलं. अर्ज ऑनलाइन, पण पोलीस ठाण्यात एक फेरी झालीच. आधार देताना शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार देते. आयुष्यभर लोकांचं केवायसी केलं, आता माझं झालं. भाचीने आणि तिच्या एका मैत्रिणीने लिहून दिलेली दोन पत्रंही सोबत असतात. आणि रेबीजची लस. प्राण्यांत वावरणाऱ्यांना ती आधीच घेता येते, डॉक्टरांना विचारून मी घेतली. ती घेतली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. चावा किंवा ओरखडा आलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढच्या डोससाठी डॉक्टरांकडे जायचंच.

खरं काम असतं सोसायटीत. कोण आहात, कुणाच्या घरी, किती दिवस? पाहुणी म्हणावं तर घरचे नाहीत, भाडेकरू म्हणावं तर भाडं नाही. एका सेक्रेटरींनी तर मला गेटवरच अर्धा तास बसवलं. आता माझी अटच आहे की मालकांनी आधी सेक्रेटरींना ईमेल करायचा, गेटच्या ॲपमध्ये माझं नाव घालायचं आणि वॉचमनशी माझी समोरासमोर ओळख करून द्यायची. लिफ्टचा वाद ठरलेला. कुत्र्याला जिन्याने न्या, असं कोणीतरी सांगतंच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. त्याची प्रत माझ्या पिशवीत असते, पण ती सहसा बाहेर काढत नाही. "तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो," म्हटलं की काम भागतं. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने मालकांची भांडणं वाढवू नयेत.

आता पैसे. नातेवाइकांकडून मी घेत नाही. बाकीच्यांशी पहिल्या भेटीतच बोलते. हे बोलताना सुरुवातीला जीभ अडखळायची, कारण आपल्याकडे बाईमाणसाने, त्यातही निवृत्त आणि बऱ्या घरच्या, अशा कामाचे पैसे मागणं बरं दिसत नाही. पण फुकट गेलं की काय होतं तेही दिसलं. "तुम्ही आहातच तर" असं म्हणत कामं वाढत जातात. तुम्ही आहातच तर सोफेवाला येणार आहे, तुम्ही आहातच तर बँकेतून चेकबुक आणाल का? दिवसाचा दर सांगितला की हे आपोआप थांबतं, आणि वागण्यातही फरक पडतो. दर मी लेखी देते, निम्मे पैसे आधी घेते. बहिणीला हे सांगितलं, तिने तोंड वाकडं केलं. मग दिवाळीत तिच्याच नणंदेने माझा नंबर मागितला.

चावी घेण्याआधी मालकांबरोबर घर फिरून बघते. पाणी किती वाजता येतं, गॅस सिलिंडरचा की पाइपचा आणि कॉक कुठे, गीझरचं बटण कोणतं, वीज बंद-चालू करायचा एमसीबी कुठे. मुंबईत नाइट लॅचचं दार वाऱ्याने कधी आपटून आपोआप लॉक होईल सांगता येत नाही, म्हणून जादा चावी शेजारी ठेवायला लावते. कॅमेरे कुठे आहेत हेही स्पष्ट विचारते. हॉलमध्ये चालेल, मी झोपणार त्या खोलीत नाही. खरी नजर तशी कॅमेऱ्याची नसते, धुण्याभांड्याच्या बाईंची असते. त्यांना वाटतं ही कोण आली आपल्या घरात? पहिल्याच सकाळी मी त्यांना चहा देते आणि कुत्र्याबद्दल विचारते. मालकांनी न सांगितलेल्या निम्म्या गोष्टी बाईंकडून कळतात. तो सोफ्याखाली मोजे लपवतो हे मालकांना माहीतही नव्हतं.

खाण्यावर मी कडक आहे. घरचं म्हणजे चांगलं, हा आपला समज कुत्र्यांना महागात पडतो. कांदा आणि लसूण त्यांच्या रक्तपेशींना मारक, द्राक्षं आणि मनुका किडनीला. चॉकलेट तर नकोच. गणपतीत एका घरी आरतीला आलेल्या प्रत्येकाला ब्रूनोला प्रसाद द्यायचा होता, शिऱ्यात बेदाणे होते, आणि मी दारात पोलिसासारखी उभी. त्यामानाने घाटकोपरचं जैन कुटुंब सोयीचं. घरात कांदा-लसूणच नाही! माझी मासळीची सवय तेवढी तिथे गुंडाळून ठेवावी लागते, आणि ते मी आधीच कबूल केलेलं असतं. मांजरांच्या घरी खिडक्यांची जाळी हलवून बघते, आणि माझ्या पर्समधली पॅरासिटॅमॉल कपाटात बंद करते, कारण मांजराला ती थोडीशीही जीवघेणी ठरते. नवीन माणूस आलं की मांजर पलंगाखाली जाऊन बसतं, त्याला ओढून काढू नये. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करते. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर फिरायला नेत नाही. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची भीती कुत्र्यालाही असते आणि मलाही. घरी आल्यावर पंजे पुसून कानांत, बोटांच्या फटीत गोचीड बघायची, कारण टिक फीवर त्यातूनच होतो. तातडीची वेळ आली तर कुठे जायचं ते आधी ठरवते. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनं आणि मुंबईभर ओळखीचं, महालक्ष्मीला टाटांचं नवं प्राणी रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण मुलुंड-ठाण्याहून गर्दीच्या वेळी तिथे पोचायला किती लागतं ते मुंबईकराला सांगायला नको, म्हणून जवळचा डॉक्टर वहीत हवाच.

काही कामांना मी नाही म्हणते. अगदी लहान पिल्लू नको, त्याला रात्रभर जागणारं माणूस लागतं. लॅब्रेडॉर ओढायला लागला तर माझा खांदा निखळेल, म्हणून मोठ्या कुत्र्यासोबत आधी एक फेरी मारून बघते. ज्यांना भेटायला वेळ नाही, चावी वॉचमनकडे ठेवतो म्हणतात, त्यांनाही नाही. ह्यांना मी आग्रह करत नाही, पण मांजराच्या घरी ते हल्ली स्वतःहून येतात. तिथे दुपारी बिनधास्त रेडिओ लावता येतो.

नाताळच्या सुट्टीसाठी फोन दसऱ्यापासूनच येऊ लागतात. त्यातलं मी एकच घर घेते, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके वाजतील तेव्हा कुत्र्याला कोणत्या खोलीत ठेवायचं, हे मालकांना फोनवरच विचारून घेते.