एहरेनबर्गवर बाबांना वज्रगड दिसला

बव्हेरियातल्या न्यॉयश्वानस्टाइन राजवाड्याच्या चढावर मी बाबांना म्हणाले, "जरा भराभर चला ना, वेळ चुकली तर तिकिटं वाया जातील." आल्प्समधल्या आठ दिवसांत मी जे काही बोलले, त्यातलं हे एकच वाक्य मला परत घ्यावंसं वाटतं.

आईबाबा ऑगस्टमध्ये सासवडहून म्युनिकला आले होते. बाबांनी सासवडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. आता वय ७१. पुरंदर त्यांच्या अंगणातलाच, किती वेळा चढले असतील याची मोजदाद नाही. मी, नवरा, नऊ वर्षांची सई आणि आईबाबा असे पाच जण गाडीने निघालो. आईच्या पिशवीत भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी होती, त्यामुळे जेवणाची काळजी नव्हती. गाडीत बाबा खुशीत होते. जुलैमध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्याचं कात्रण त्यांनी पाकिटात ठेवलं होतं. त्याच बैठकीत, एका दिवसाच्या अंतराने, राजा दुसऱ्या लुडविगचे बव्हेरियातले राजवाडेही यादीत आले. हे मी सांगितल्यावर तर न्यॉयश्वानस्टाइन बघायची त्यांना फारच ओढ लागली.

तिथे आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते. आमची १०:५० ची होती. आम्ही खाली पोचलो तेव्हा पार्किंगसाठीच रांग, बसला त्याहून मोठी रांग, घोडागाडीचं नाव घ्यायला नको. मग पायी निघालो. डांबरी रस्ता आहे, पण चढ सलग आहे, आणि बाबांना घाटाच्या वाटेसारखं थांबत, मागे वळून बघत चढायची सवय. दोन वळणांवर ते उभे राहिले. दोन्ही वेळा मी घड्याळ बघितलं, आणि दुसऱ्या वेळी ते वाक्य बोलले. "चल चल, आलो," एवढंच म्हणाले आणि खरंच भराभर चालायला लागले. वर पोचलो तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. सदऱ्याची पाठ ओली होती. आईने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

आतली फेरी अर्ध्या तासाची. लुडविगने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा, त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८६ पर्यंत पुरा झालाच नाही. तो गेल्यावर सात आठवड्यांत वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला गेला. सिंहासनाच्या दालनात जमिनीवर प्राण्यांचं आणि झाडांचं सुंदर मोझेक आहे, आणि सिंहासनाच्या जागी काहीच नाही. ते कधी बनलंच नाही. बाबांनी मला विचारलं, "सिंहासन कुठंय गं?" मी सईला गर्दीत शोधत होते, उत्तर दिलं नाही. गाइड पुढच्या दालनात निघाली, मागचा गट दारात येऊन उभा. बाबा त्या रिकाम्या ओट्याकडे मान वळवून बघत बाहेर पडले. वाडा देखणा आहे, मारियनब्रुके पुलावरून दिसतो तेव्हा तर डोळे हटत नाहीत. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर दिवसातली शेवटची वेळ घ्या आणि सकाळपासून तिथेच रेंगाळा. मी हे केलं नाही.

त्या रात्री बाबा मेतकूट-भात खाऊन साडेआठलाच झोपले. बाहेर लख्ख उजेड होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही इन्सब्रुककडे निघालो. राजवाड्याजवळच्या फ्युसेन गावापासून ऑस्ट्रियातलं रॉयटं गाव जेमतेम पंधरा किलोमीटर. तिथे थांबायचं ते फक्त सईसाठी, तिला झुलत्या पुलावरून चालायचं होतं. हायलाइन १७९ नावाचा हा पूल ४०६ मीटर लांब, खालच्या हमरस्त्यापासून ११४ मीटर उंचावर. एका टोकाला एहरेनबर्ग किल्ल्याचे अवशेष, दुसऱ्या टोकाला क्लाउडिया नावाचा छोटा किल्ला. किल्ला माझ्या यादीत नव्हताच.

गाडी लावली ती क्लाउझंमध्ये, म्हणजे घाटाच्या तोंडाशी असलेल्या जुन्या नाक्यात. दोन्ही बाजूंनी डोंगर आत आलेले, मध्ये रस्त्यापुरती जागा. बाबा गाडीतून उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "जकात इथेच घेत असणार," म्हणाले. खरोखरच घेत. रोमनांचा वाया क्लाउडिया आउगुस्टा हा रस्ता याच खिंडीतून जायचा आणि पुढे शतकानुशतकं मिठाच्या गाड्या इथूनच गेल्या. आई गुडघ्यांमुळे खालीच थांबली, नवरा तिच्यासोबत. आम्ही तिघं वर निघालो, आणि या वेळी पुढे बाबा होते.

पडक्या भिंती बघून ते जे बदलले, ते मी लहानपणानंतर प्रथमच पाहिलं. तटाला तळहात लावून चुना खरवडून बघितला. जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, मोजली. एका जंगीतून वाकून, एक डोळा मिटून, मारा कुठवर जातो ते पाहिलं आणि सईला उचलून तेच दाखवलं. "इथून रस्ता बंद. एक गाडी सुटायची नाही." मग किल्ल्याच्या वरच्या अंगाला आले, समोर मान वर केली आणि गप्प झाले. किल्ल्याला अगदी लागून, किल्ल्याहून उंच, झाडांनी भरलेला एक डोंगर होता.

"हा डोंगर यांनी मोकळा कसा सोडला?" बाबा म्हणाले. "तिथे तोफ चढली की संपलं सगळं. अगं, हा वज्रगड आहे!"

माहितीचा फलक पुढच्या वळणावर होता. मी जर्मन वाचून मराठीत सांगत गेले आणि माझ्याच अंगावर काटा आला. १७०३ मध्ये बव्हेरियाच्या फौजेने टिरोलवर स्वारी केली, तेव्हा एहरेनबर्ग त्यांच्या हाती पडला. टिरोलच्या लोकांनी तो परत घेतला तो समोरच्या डोंगरावर तोफा चढवून. त्यानंतर शहाणपण आलं आणि त्या डोंगरावर श्लॉसकॉप्फ हा वेगळा किल्ला बांधला गेला. दिलेरखानाने १६६५ च्या एप्रिलमध्ये आधी पुरंदराला लागून असलेला वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरावर तोफा डागल्या, हे बाबांनी वर्गात किती पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं असेल. फलक वाचलेला नसताना, भाषा येत नसताना, नुसत्या जमिनीच्या उठावावरून त्यांनी परमुलखातल्या किल्ल्याचं मर्म सांगितलं होतं.

"वर जायचं?" मी विचारलं. पाटीवर पाऊण तास लिहिलं होतं. आम्हाला सव्वा तास लागला, आणि प्रत्येक वळणावर थांबलो. मी मोबाइल पिशवीत टाकून दिला होता. पाइनच्या झाडांत गारवा, पायाखाली मऊ माती, बाबांच्या काठीचा आवाज. मध्येच ते म्हणाले, "तोफ ओढत नेली असेल ना, तर बैल इथेच बसले असतील." आणि आम्हीही तिथेच बसलो.

वर श्लॉसकॉप्फच्या भिंतींपाशी एकदम सगळं उघडं होतं. खाली एहरेनबर्ग हातात घेता येईल असा, पलीकडे रॉयटंचं खोरं आणि लेख नदी. सईचं मराठी कच्चं आहे. आजोबांच्या गोष्टी व्हिडिओ कॉलवर ऐकताना ती उठून जायची. इथे बाबांनी दोन दगड मांडले, मोठा आणि छोटा, मध्ये बोटाने रेघ ओढली. हा पुरंदर, हा वज्रगड, ही भैरवखिंड. छोट्या दगडावर पाइनचं बोंड ठेवलं, ती तोफ. मग मुरारबाजी. दिलेरखानाने कौल देऊ केला तेव्हा त्याने काय उत्तर दिलं, ते सांगताना बाबांचा आवाज वर्गात असायचा तसाच लागला. सईने विचारलं, "मग महाराजांनी काय केलं?" बाबांनी खाली बघितलं. "तेवीस किल्ले दिले. बारा ठेवले. माणसं वाचवली." ती बराच वेळ त्या दोन दगडांकडे बघत बसली.

मला तेव्हा सिंहासनाचं आठवलं. मी बाबांना सांगितलं, ते कधी बनलंच नव्हतं, राजा आधीच गेला. "असं होय," म्हणाले. "काल तेवढंच राहिलं होतं विचारायचं." मी माफी मागितली, तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

पूल शेवटी घाईघाईत झाला. जाळीतून खालच्या गाड्या दिसतात, सई किंचाळत पळाली, बाबा कठडा न धरता चालले. खाली आलो तर थर्मासमधला चहा कधीच थंड झाला होता. आईने आमचे मातीने भरलेले बूट बघितले आणि विचारलं, "झाला का पुरंदर बघून?"

त्यानंतर इन्सब्रुक, ब्रेनर, डोलोमाइट्समधले तीन दिवस, त्रे चिमे शिखरांभोवतीची दहा किलोमीटरची वाट, जी मी आणि नवऱ्याने सईला घेऊन केली. सगळं फार सुंदर होतं.

डिसेंबरमध्ये आम्ही सासवडला जातोय. पुरंदरावर नेमकं कुठे उभं राहिलं की वज्रगड दिसतो, हे सईने आजोबांना आत्तापासूनच विचारून ठेवलंय. ते दोन दगड तिच्या टेबलावर आहेत, आणि पाइनचं बोंड छोट्या दगडावरच ठेवायचं, असा तिचा हुकूम आहे.