कॉलेज फुटबॉलची फायनल: तिकीट घेतल्यावर खरा खर्च सुरू होतो

तिकिटाचा भाव बघून फायनलचं बजेट ठरवू नका. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात अमेरिकन फुटबॉलची कॉलेज फायनल, ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम, बघून आलो, आणि पुढच्या वेळी जाणाऱ्या प्रत्येकाला हे ओरडून सांगावंसं वाटतंय. तिकीट महाग असतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्याची मनाची तयारी झालेली असते. लुबाडणूक होते ती त्यानंतर.

मी ओहायो स्टेटचा माजी विद्यार्थी, राहायला ओहायोतल्या कोलंबसलाच. आमची टीम याआधी 2014 च्या सीझनला जिंकली होती, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पैशाचा होता. बारा टीमच्या प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, हे पहिलंच वर्ष. 1 जानेवारीला कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला रोझ बोलचा सामना, 10 ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला सेमीफायनल, 20 ला अटलांटात फायनल. इमानी चाहत्यानं तीन आठवड्यांत तीन गावं कशी करायची? आमच्यातल्या काहींनी रोझ बोलवर पैसे उडवले आणि फायनल घरी टीव्हीवर बघितली. सेमीफायनलला टेक्सास विद्यापीठाविरुद्ध आमचा जॅक सॉयर बॉल घेऊन 83 यार्ड धावला, तेव्हा कुठे अटलांटा पक्कं झालं. हातात उरले दहा दिवस.

विद्यापीठाच्या तिकीट सोडतीत नंबर लागला नाही, म्हणजे रीसेल, दुसऱ्यानं विकायला काढलेलं तिकीट. समोर नोटर डेम, त्यांचे चाहते देशभर पसरलेले आणि 1988 पासून जेतेपदासाठी उपाशी. भाव चढेच. पण एक लक्षात ठेवा: आठवड्यापूर्वी बघितलेला भाव सामन्याच्या दिवशी दुपारी बराच उतरलेला दिसला. माझा मेहुणा म्हणत होता, "भावोजी, घाई करू नका, सोमवारपर्यंत थांबा." त्याचं खरं ठरलं. एकटे-दुकटे असाल, शहरात आधीच पोचलेले असाल तर थांबा. चार सीट शेजारी-शेजारी हव्या असतील तर थांबण्यात अर्थ नाही.

तेव्हा तिकीट साइटची फी शेवटच्या पानावर दिसायची. पहिल्या पानावरचा आकडा आणि कार्डावर लागलेला आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. मे 2025 पासून अमेरिकेत तिकिटं आणि हॉटेलांना पूर्ण रक्कम सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक झालंय, तेवढा त्रास वाचला.

कोलंबस ते अटलांटा गाडीनं नऊ-दहा तास. सिनसिनाटीनंतर आय-75 महामार्ग धरायचा तो थेट अटलांटापर्यंत. केंटकी-टेनेसीच्या हद्दीवर जेलिकोजवळचा घाट रात्री ट्रकच्या रांगेत नकोसा होतो, तो दिवसाउजेडी काढा. बाकी रस्ता सरळ आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता पार्किंग. डाउनटाउनमधल्या एका खासगी लॉटची जागा आम्ही अ‍ॅपवरून आधीच घेतली होती, पैसे भरून, क्यूआर कोडसकट. फाटकाशी रिफ्लेक्टरचं जाकीट घातलेल्या माणसानं कोड बघितला, मान हलवली आणि पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेला आकडा दाखवला: 90. रोख. अ‍ॅपवाल्यांचं अ‍ॅपवाल्यांकडे बघा, म्हणाला. मागे हॉर्न वाजत होते, त्यात मार्टिन ल्यूथर किंग डे असल्यानं शहरातले काही रस्ते मिरवणुकीसाठी बंद. दिले नव्वद. पावती मागितली तर मिळाली नाही. आधीचे पैसे परत मिळवायला फोनवर फोन करावे लागले, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायची. शुद्ध लूट आहे ही. पुठ्ठ्यावरचा तो आकडा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून अटलांटात कुठल्याही मोठ्या सामन्याला गाडी डाउनटाउनमध्ये न्यायचीच नाही. मार्टा म्हणजे अटलांटाची मेट्रो; डोराव्हिलसारख्या तिच्या टोकाच्या स्टेशनवर गाडी लावा, पहिले चोवीस तास पार्किंग फुकट आहे. अडीच डॉलरचं तिकीट काढून फाइव्ह पॉइंट्सला ट्रेन बदला, व्हाइन सिटीला उतरा, समोर स्टेडियम. येण्या-जाण्याचे पाच डॉलर. नव्वद आणि पाच!

आत मात्र उलट अनुभव. मर्सिडीज-बेन्झ स्टेडियमनं खाण्याचे भाव मुद्दाम कमी ठेवलेत, दोन डॉलरला हॉट डॉग मिळतो. तेव्हा बाहेर जेवू नका, आत जेवा. रोख चालत नाही, कार्ड ठेवा. बॅग पारदर्शक नसेल तर फाटकावरूनच परत. छत आहे म्हणून जाडं जाकीट घरी ठेवू नका. त्या रात्री पारा शून्याखाली होता आणि सामना संपल्यावर स्टेशनच्या रांगेत बोटं बधिर झाली.

सामना? आम्ही 31-7 नं पुढे होतो, तिथून नोटर डेम 31-23 पर्यंत आलं. थर्ड अँड इलेव्हनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे असताना, आमच्या क्वार्टरबॅक हॉवर्डनं बॉल उंच फेकला आणि आमच्याच जेरेमाया स्मिथनं तो झेलून 56 यार्ड मिळवले, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला अशी मिठी मारली की श्वास अडकला. 34-23 नं जिंकलो. घसा दोन दिवस बसला होता. त्या एका झेलासाठी मी सगळा खर्च पुन्हा करेन, नव्वद डॉलर सोडून.

मंगळवारी पहाटेच निघालो ते बरं झालं, त्या दिवशी अटलांटात बर्फ पडला. परतीचं विमान असेल तर जानेवारीत एक दिवस राखून ठेवा.

2027 ची फायनल 25 जानेवारीला लास व्हेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये आहे. सेमीफायनलची वाट न बघता रद्द करता येणारी खोली आत्ताच धरा, टीम हरली तर सोडून द्या. खोली चालत पोचता येईल अशी बघा, मंडाले बे हॉटेलच्या बाजूनं पूल ओलांडला की स्टेडियम. गाडी भाड्यानं घेऊच नका.